ऐकण्यापुरती परवानगी

निवृत्तीनंतर काय करणार, असं कॉलेजातल्या निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मला विचारलं, आणि मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरं उत्तर तयार होतं, पण ते स्टाफरूममध्ये सांगण्यासारखं नव्हतं. मला जमिनीखालचा धातू शोधणारं यंत्र घ्यायचं होतं.

अकरावी-बारावीच्या मुलांना मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. तारेच्या वेटोळ्यात प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते जवळच्या धातूत प्रवाह जागा करतं, आणि तो प्रवाह उलटा आपल्या वेटोळ्याला निरोप पाठवतो. हे चित्र फळ्यावर किती वेळा काढलं त्याला गणती नाही. पण तो निरोप स्वतःच्या कानांनी कधी ऐकला नव्हता. मुलाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो हसला, आणि दिवाळीच्या सुमाराला पुण्याहून एक लांबट खोकं आलं. आत एक दांडी, तिच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी तबकडी, मुठीपाशी छोटा पडदा आणि कानावर घालायचे हेडफोन.

पहिला आठवडा मी घरामागच्या अंगणात काढला. एक किल्ली मिळाली, बाटल्यांची झाकणं मिळाली, तुटलेली पितळी बिजागरी मिळाली, आणि एक पाच पैशांचं चौकोनी नाणं मिळालं, ते मी पुसून देवापाशी ठेवलं. शेजारच्या वहिनी कंपाउंडवरून बघत असत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, काही पुरलेलं आहे का म्हणून. आमच्या भागात गुप्तधन हा शब्द हळू आवाजातच बोलतात, पण बोलतात सगळेच. मी त्यांना बिजागरी दाखवली. त्यांचा विश्वास बसला नाही.

अंगण संपलं. रस्त्यापलीकडे नगरपरिषदेचा बगीचा होता.

यजमान त्या दिवशी डोळे तपासायला यवतमाळला गेले होते. ते कोर्टात नाझर होते. जप्तीचा माल, समन्स, पावत्या यांत त्यांची नोकरी गेली, आणि कागदाशिवाय केलेलं काम त्यांना अर्धवट वाटतं. ते घरी नसतानाचा दिवस मी मुद्दाम निवडला, हे मला तेव्हाही कळत होतं. मनाची समजूत मी अशी घातली की बगीचा सगळ्यांचा आहे, मीही घरपट्टी भरते, वीतभर उकरून पुन्हा बुजवलं तर कोणाचं काय जातं. खुरपं शालीत गुंडाळलं आणि सकाळी साडेसहाला फाटकातून आत शिरले.

झोपाळ्यांच्या मागे, पूर्वेकडच्या कोपऱ्यात कोणी फिरकत नाही. तिथे चार पावलं चालले आणि कानात आवाज आला. मी गुडघ्यांवर बसले, हिरवळ कापली, वीतभर खाली गेले. हाताला लागला तो लोखंडाचा एक चपटा, अर्धचंद्रासारखा तुकडा. गंजून फुगलेला, पण आकार शाबूत. मला इतका आनंद झाला की जवळ कोणी येऊन उभं राहिल्याचं लक्षातच आलं नाही.

बगीच्याचे माळी होते. पन्नाशीचा, सडपातळ माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर पाण्याच्या पाइपाचं वेटोळं. ते ओरडतील असं वाटलं. त्यांनी पाइप खाली ठेवला, माझ्यासमोर बसले, मी काढलेली माती हातांनी खड्ड्यात लोटली, कापलेला तुकडा वर बसवला आणि तळव्याने दाबत राहिले. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तो तळवा होता.

"मॅडम, हे लॉन मी काडी काडी लावून केलं," ते म्हणाले. "दोन उन्हाळे लागले मले." मग थोडं थांबून विचारलं, "तुमी कोनाले इचारलं व्हतं?"

सगळ्यांचा बगीचा, घरपट्टी, वीतभर माती, सगळे मुद्दे सोडून मी कबूल केलं, कोणालाच नाही. त्यांची मुलगी माझ्या वर्गात शिकली होती, हेही त्यांनीच सांगितलं, माझी लाज झाकायला म्हणून. माझी लाज त्याने वाढलीच.

उठता उठता त्यांनी तो तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, हा तर बैलाचा नाल आहे. बगीचा व्हायच्या आधी इथे बैलबाजार भरत असे. आर्णीकडून, दिग्रसकडून बैलजोड्या येत. ते लहान असताना बाजार गावाबाहेर गेला, मग मुरूम आणि माती टाकून हे मैदान सपाट केलं, आणि बऱ्याच वर्षांनी बगीचा झाला.

संध्याकाळी यजमान आले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना धूसर दिसत होतं, तरी माझ्या चेहऱ्यावरचं त्यांना दिसलं. मी सगळं सांगितलं. रागावणं त्यांच्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलस्केप कागद काढला आणि म्हणाले, "आता विचारू."

माझ्या सकाळच्या फिरण्यातल्या बायकांचं मत याच्या अगदी उलट होतं. विचारलं की नाहीच म्हणतात, न विचारता गेलीस तर कोण अडवतंय, माळ्याला चहापाणी दे म्हणजे झालं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मलाही ते पटत होतं. मी यजमानांना म्हटलं, त्यांनी नकार दिला तर मग सगळंच बंद.

"दिला तर दिला," ते म्हणाले. "पण होकार आला तर तुला शालीत खुरपं लपवून जावं लागणार नाही."

अर्जात प्रयोजनाची ओळ आली तेव्हा मात्र आम्ही दोघं अडलो. संशोधन लिहावं तर ते खोटं, शोध लिहावं तर गुप्तधनाचा वास येणार. शेवटी 'छंद म्हणून' असं लिहिलं. न विचारता एकदा खोदल्याचंही लिहिलं, आणि तो नाल कागदात बांधून अर्जासोबत घेतला.

नगरपरिषदेतल्या बाबूंनी अर्ज दोनदा वाचला. बगीच्यात वाढदिवस करायचा, योगशिबिर घ्यायचं, लग्नाआधीचे फोटो काढायचे तर त्यांच्याकडे छापील नमुने होते. यंत्र फिरवायचा नमुना नव्हता. त्यांनी मला मुख्याधिकाऱ्यांकडे पाठवलं. त्या नुकत्याच बदलून आलेल्या, माझ्या मुलाहून लहान असाव्यात. मी नाल टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून बघितला आणि विचारलं, जे सापडेल त्याचं तुम्ही काय करणार. याचा मी खरोखरच विचार केला नव्हता. त्यांनी समजावलं की जमिनीत जुनी, मोलाची वस्तू मिळाली तर ती सापडणाऱ्याची होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय हिरवळीखालून दिव्यांची केबल गेली आहे, पाण्याचे पाइप गेले आहेत. मी म्हटलं, मी खड्डा नीट बुजवीन.

"तुम्ही बुजवाल, मॅडम," त्या म्हणाल्या. "पण उद्या दुसरा कोणी कुदळ घेऊन आला आणि म्हणाला, मॅडमना चालतं तर मला का नाही, तर मी त्याला काय सांगू?"

आठ दिवसांनी पत्र आलं. गुरुवार आणि रविवार, सकाळी साडेसहा ते आठ, फेब्रुवारीअखेरपर्यंत, माळ्याच्या उपस्थितीत यंत्र फिरवण्यास हरकत नाही. खाली एक ओळ वेगळी टाइप केली होती: कोणत्याही परिस्थितीत खोदकाम करू नये.

मी संतापले. खोदायचं नसेल तर यंत्र कशाला, नुसत्या वासावर जेवायचं का, असं बरंच बोलले. यजमानांनी पत्र फाइलला लावलं आणि शांतपणे म्हणाले, अर्ज यंत्र फिरवण्याचाच होता.

पहिल्या गुरुवारी मी जवळजवळ रुसूनच गेले. यजमान सोबत आले, वेळेची नोंद ठेवायला. माळी फाटकाशी उभे होते, आणि त्यांची नजर माझ्या दोन्ही हातांवर होती. थंडी चांगली पडली होती. गवतावर दव होतं आणि बूट भिजत होते.

माझ्या यंत्राला एक बटण होतं. ते दाबलं की लोखंड गाळलं जातं आणि तांबं, पितळ, चांदी एवढ्याचाच आवाज येतो. खिळेपत्र्यांनी डोकं उठू नये म्हणून अंगणात मी ते नेहमी चालू ठेवत असे. पहिल्या दिवशी तो नाल मिळाला तोही बटण दाबायचं विसरले होते म्हणून. आता खोदायचंच नव्हतं. मग गाळायचं तरी कशाला, म्हणून मी ते बंद केलं.

बगीच्याच्या मधून सिमेंटची पायवाट जाते. तिच्या पश्चिमेला शांतता होती, मधेच एखादं झाकण टिंग करायचं. पायवाट ओलांडली आणि मी थबकले. लोखंडाचा आवाज खर्जातला असतो, जाडसर, घशातून घुर्र केल्यासारखा. तसा एक आला. तबकडी हातभर सरकवली, दुसरा आला. पाऊल टाकलं, तिसरा, चौथा, आणि मग आवाज वेगळे ओळखता येईनात. सगळी जमीन एका सुरात घुमत होती. मला वाटलं यंत्र बिघडलं. तबकडी हवेत उचलली तर एकदम शांत. खाली नेली की पुन्हा तेच. मी झोपाळ्यांपासून भिंतीपर्यंत चालत गेले आणि ते माझ्यासोबत पायांखालून चालत आलं.

वर दव होतं, शेवंतीचे वाफे होते, मुलांची घसरगुंडी होती. रोज सकाळी मी याच गवताकडे बघत फेऱ्या मारत होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि हे सगळं इथेच होतं.

मी हेडफोन काढून माळ्यांच्या कानांवर ठेवले आणि तबकडी फिरवली. ते ऐकत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकून पायवाटेवर उभे राहिले.

"हे समदं खाली हाय?" त्यांनी विचारलं. "मी रोज पानी देऊन राह्यलो याले?"

यजमानांनीही ऐकलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, याची नोंद ठेवायला पाहिजे. पुढच्या खेपेला ते आलेखाचा कागद, पॅड आणि हातहातभर अंतरावर गाठी मारलेली सुतळी घेऊन आले. मी गाठीगाठीला तबकडी धरायची, आवाज किती दाट ते सांगायचं, आणि त्यांनी तेवढे ठिपके द्यायचे. सुतळीचं दुसरं टोक माळी धरत. खुरपं नाही म्हणून मी चिडले होते ते केव्हाच मागे पडलं. खोदता आलं असतं तर मी पहिल्याच घुर्रपाशी बसून राहिले असते.

जानेवारीत एका रविवारी सगळे कागद जोडून आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरले. ठिपक्यांच्या लांब रांगा पडल्या होत्या. दोन रांगांमध्ये एक बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी, मग पुन्हा रांगा. बैल ओळीने बांधलेले होते त्या रांगा, आणि लोक मधून चालत होते ती मोकळी जागा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मोडलेला बाजार आमच्या टेबलावर उभा होता, आणि त्यासाठी गवताची एक काडी हलली नव्हती. यजमान चष्मा काढून पुसत होते. भिंतीजवळ एका ठिकाणी मात्र ठिपके इतके दाट झाले होते की पेन्सिलीने तिथे काळा डाग पडला होता. आकाराने एका खाटेएवढा.

त्याचा अर्थ आम्हाला लागेना. माळी म्हणाले, बसस्टँडमागच्या चाचांना विचारू.

चाचा आमच्या गावातले शेवटचे नालबंद. वय पंच्याऐंशीच्या घरात. आता त्यांचा मुलगा त्याच जागेवर खिडक्यांच्या ग्रिल बनवतो. गुरुवारी माळ्यांनी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून आणलं. मी मोठ्या उत्साहाने नकाशा पुढे केला. त्यांनी तो उलटा धरला, एकदा बघितला आणि परत दिला. कागदाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांनी विचारलं, इथला मोठा निंब कुठे गेला. माळ्यांनी दिव्याच्या एका खांबाकडे बोट दाखवलं. चाचा खांबापाशी गेले, पाठ टेकून उभे राहिले, सूर्याकडे बघितलं आणि काठी टेकत भिंतीच्या दिशेने चालू लागले. थांबले ते त्या काळ्या डागावर. नकाशात तो कुठे आहे हे त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं, आणि हिरवळीवर तिथे कसलीच खूण नव्हती. यजमानांनी माझ्याकडे बघितलं.

"इथं आमची बैठक होती," चाचा म्हणाले. "पहिले अब्बाची, मंग माही."

टोपीवरूनच त्यांना हेडफोन घातले. मी तबकडी धरली. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी बसून सांगितलं. बैलाला दोरांनी आडवं पाडायचं, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचा आणि नाल ठोकायचा. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन नाल, चार पायांना आठ. जुने झिजलेले तिथेच काढून टाकायचे. बरे असतील ते पुन्हा भट्टीत जायचे, बाकीचे पायाखाली चिखलात. दिवसाला किती बैल होत असतील, असं मी विचारलं. ते म्हणाले, बाजाराच्या दिवशी मोजायला वेळ कोणाला होता.

मला वाटलं होतं हे ऐकून त्यांना भरून येईल. ते तर मजेत होते. मी हळूच म्हटलं, आम्हाला खोदायची परवानगी नाही, फक्त ऐकायची आहे.

"कायले?" त्यांना खरंच नवल वाटलं. "लोखंड हाय ते बेटी. काढा ना."

या खेपेला मी आधी माळ्यांना विचारलं. तो तुकडा कापू द्याल का. ते तिथे उकिडवे बसले आणि बोटं गवतात घालून बघू लागले. तिथलं गवत दर उन्हाळ्यात आधी पिवळं पडतं, खत घातलं, पाणी वाढवलं, तरी पडतंच, असं ते म्हणाले. "आता समजलं काहून. मुळायले खाली जागाच नाही." फेब्रुवारीच्या शेवटी तो पट्टा ते नव्याने लावणारच होते. त्या वेळी काढा, म्हणाले.

मग दुसरा अर्ज, नकाशासह. मुख्याधिकारी एका रविवारी स्वतः आल्या. हेडफोन घालून सबंध पूर्वभाग फिरल्या आणि जाताना फक्त नमस्कार केला. पत्र चार दिवसांत आलं. दोन हात लांब, दोन हात रुंद, केबलची जागा तपासून, माळी आणि कार्यालयातले बाबू यांच्या समक्ष. निघालेली प्रत्येक वस्तू कार्यालयात जमा करावी.

माळ्यांनी हिरवळीच्या वड्या पाडल्या आणि ओल्या पोत्यावर ओळीने ठेवल्या. खालचा मुरूम निघाला, आणि मग नाल निघू लागले. एकेक नाही, थरच्या थर, एकमेकांत अडकलेले, मध्ये खिळे, मध्ये काळी माती. काही हातात घेताच भुगा होत. काही धुतल्यावर काल टाकल्यासारखे दिसत. यजमान खुर्चीवर बसून यादी करत होते, पण थोड्याच वेळात त्यांनी 'एक टोपलं' असं लिहायला सुरुवात केली. चाचा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एकेक तुकडा बघत आणि बाजूला टाकत. हे माहे. हे बी माहे. ड्रमची पट्टी कापून बनवत होतो मी. त्यांच्या आवाजात जुन्या मालाविषयी असावा तेवढाच जिव्हाळा होता.

खड्डा कोपरभर खोल गेला तसे नाल जाड लागू लागले. माळ्यांनी एक वर दिला. चाचांनी तो बाजूला टाकला नाही. रुमालाच्या टोकाने पुसला, काडीने त्याच्या भोकांतली माती काढली, आणि उन्हाकडे धरून एका भोकातून बघितलं. मग दुसऱ्या.

"हे अब्बाचं हाय," ते म्हणाले.

मी विचारलं, कशावरून. त्यांनी स्वतःचा एक नाल मागून घेतला आणि दोन्ही माझ्या तळहातावर शेजारी ठेवले. लोखंड तापवून त्यात भोक पाडताना पोगर, म्हणजे भोक पाडायचं टोकदार हत्यार, किंचित कलतो, आणि भोक तिरपं पडतं. चाचांच्या नालात सगळी भोकं एका बाजूला कललेली होती. या नालात अगदी उलट बाजूला.

"अब्बा डावखोरे होते."

मी पण उन्हाकडे धरून बघितलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या भोकातून तिरपा उजेड आला. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याचा डावा हात त्या उजेडात होता. आयुष्यभर मी मोजमापं शिकवली, काट्यांचे कोन वाचायला लावले, पण कोन वाचल्यावर गेलेला माणूस असा परत आलेला पाहिला नव्हता. चाचा म्हणाले, अब्बा गेले तेव्हा ते स्वतः अठरा-एकोणीस वर्षांचे होते. अब्बांचा एकही फोटो नाही.

त्यानंतर खालून तसे आणखी काही निघाले. मग फक्त काळी माती. मी तबकडी खड्ड्यात उतरवली. कसलाही आवाज नव्हता. आम्ही पाचही जण खड्ड्याकडे बघत उभे होतो. बाजार भरण्याआधीची ती जमीन होती, तिला अजून लोखंड लागलंच नव्हतं.

चाचांनी विचारलं, हा एक मी घरी नेऊ का. बाबूंनी माझ्याकडे बघितलं, मी यजमानांकडे. पत्रात प्रत्येक वस्तू असं लिहिलं होतं. माळी हळूच म्हणाले, ठेवा खिशात चाचा, कोण पाहते. खरं सांगायचं तर माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. पण चाचांनीच मान हलवली. "ज्याची जागा त्याले इचारा आधी," असं म्हणून त्यांनी तो नाल सगळ्यांच्या वर, टोपल्यात ठेवला.

त्या दुपारी यजमान जेवले नाहीत. कोर्टात जप्त झालेली वस्तू तिच्या मालकाने ओळखली की सुपूर्दनामा करून त्याला परत देतात. असे शेकडो कागद त्यांनी लिहिले होते. सायकली, भांडी, एकदा एक शिलाई मशीन. त्यांनी तसाच एक सुपूर्दनामा लिहिला, वस्तूचं वर्णन, ओळख पटवणाऱ्याचं नातं, ओळखीची खूण. मुख्याधिकाऱ्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, असं कधी केलेलं नाही. मग विचारलं, खूण मला दाखवता येईल? मी टोपल्यातले दोन नाल काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्या खिडकीशी गेल्या, आधी एक धरून बघितला, मग दुसरा, पुन्हा पहिला. परत येऊन बसल्या आणि सही केली.

नाल द्यायला आम्ही दोघं बसस्टँडमागे गेलो. मुलाचं वेल्डिंग चालू होतं. चाचांनी पोचपावतीवर उजवीकडून डावीकडे, उर्दूत, सावकाश सही केली. नाल घेतला, ऐरणीच्या जागी पडलेल्या एका लोखंडी ठोकळ्यावर ठेवला, आणि मुलाकडे हातोडी मागितली. मला वाटलं ते ठोकणार, मी घाबरले. त्यांनी हातोडी उजव्या हातात घेतली, थांबले, आणि डाव्या हातात बदलली. तो हात त्यांनी जन्मात त्या कामाला लावला नसावा. हातोडी डगमगत होती. नालाच्या वर, हवेतच, त्यांनी ती दोन-तीनदा खाली आणली, कोपर बाहेर काढून, खांदा जरा पुढे घेऊन.

"असं मारत होते," ते मुलाला म्हणाले.

मुलाने वेल्डिंगची काच तोंडावरून वर केली आणि बघत राहिला.